पाहुण्याचा तांदूळ

सुशी ही करायची गोष्ट नाही, ती साधायची गोष्ट आहे. जपानमध्ये ती शिकायला आलेला माणूस पहिली तीन वर्षं माशाला हात लावत नाही. तो तांदूळ धुतो, भात शिजवतो आणि गुरूकडे पाहत राहतो. तीन वर्षांनी गुरू त्याच्याकडे पाहतो. भाताच्या एकेका दाण्यामागे आयुष्याची तपश्चर्या असते, आणि तपश्चर्येला घाई चालत नाही.

हे मी पेणच्या वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात वाचलं होतं आणि वाचताना मानही डोलावली होती. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा आमच्याकडे सतरा दिवस होते, दोन बर्नरची शेगडी होती, आणि शिकणाऱ्या दोघींपैकी एकीला भाताला फोडणी नाही हेच मुळात मान्य नव्हतं.

ती म्हणजे माझी थोरली बहीण. ताई आता नाही. रोह्यात एका कंपनीचं गेस्ट हाऊस होतं, तिथलं स्वयंपाकघर ती चालवायची. मेहुणे त्याच कंपनीत ऑपरेटर होते. ते अचानक गेले तेव्हा कंपनीने ताईला हे काम दिलं आणि स्वयंपाकघरामागची एक खोली राहायला दिली. खोलीला एक खिडकी, खिडकीबाहेर कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे शेवग्याचं झाड. ज्या शेंगा भिंतीच्या अलीकडे पडतील त्या आपल्या, असा ताईने स्वतःच कायदा केला होता आणि अकरा वर्षं तो कुणी मोडला नव्हता.

तिला मूलबाळ नव्हतं. मी पेणला रामवाडीत राहतो, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मास्तर, घरात एक खोली रिकामी. बायकोने आणि मी ताईला कितीदा सांगितलं की आता पुरे झालं, आमच्याकडे ये. ती म्हणायची, येईन की, दिवाळीला. दिवाळीला यायची, भाऊबीजेचं ओवाळायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नागोठण्यावरून परत. भावाच्या घरी राहणं आणि भावाच्या घरी येणं यांत तिच्या मते फार मोठं अंतर होतं, आणि ते अंतर तिला कापायचं नव्हतं.

दुसरी शिकणारी म्हणजे काकी. ताईच्या हाताखाली म्हणून लागलेली, पण दोघी एकाच वयाच्या, त्यामुळे कुणाच्या हाताखाली कोण ते दिवसागणिक बदलायचं. काकीचं गाव रोह्याहून आत, जिथे एसटी दिवसातून तीनदा जाते. घरची थोडी भातशेती. सकाळच्या पहिल्या गाडीने यायची, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने जायची, आणि दुपारचा डबा घरून आणायची. गेस्ट हाऊसमध्ये इतकं शिजत असताना डबा कशाला, असं ताईने पहिल्या वर्षी विचारलं. काकी म्हणाली होती की तुमच्या भातानं पोट भरल्यासारखं वाटत नाय. मग ताईने पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी कंपनीने एक जपानी यंत्र घेतलं आणि यंत्राबरोबर एक जपानी इंजिनियर आला. तिशीचा असेल. सडपातळ, अबोल, खोलीबाहेर चपला अशा लावून ठेवायचा की काकीने त्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तिला वाटलं, कुणी विकायला मांडल्यात. त्याला इंग्रजी थोडं यायचं. ताईला यायचं नाही. म्हणून शनिवार-रविवार मी रोह्याला जायला लागलो. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी ही दोन वेगवेगळ्या गावांची माणसं होती, पण वाटेत कुठेतरी गाठ पडायची.

सुरुवातीचे काही आठवडे तो उकडलेली अंडी, केळी आणि बिस्किटं यांवर जगला. ताईने त्याच्यासाठी नूडल्स केल्या, कारण कंपनीच्या प्रशासन विभागाच्या साहेबांनी तसं सांगितलं होतं. साहेबांच्या लेखी चीन आणि जपान यांच्यातला फरक हा परराष्ट्र खात्याचा प्रश्न होता, स्वयंपाकघराचा नव्हे. तो नूडल्सपुढे हात जोडायचा, दोन घास खायचा, पुन्हा हात जोडायचा आणि उठायचा.

श्रावणात त्याला ताप आला. दोन दिवस तो खोलीतून बाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी ताईने साहेबांना न विचारता पेज केली, नुसतं मीठ घातलेली, आणि बाजूला खारातल्या कैरीची एक फोड ठेवली. त्याने वाटी संपवली. मग रिकामी वाटी हातात धरून तो बराच वेळ तसाच बसला. ताई घाबरली आणि तिने मला फोन लावून त्याच्या हातात दिला. तो हळूहळू म्हणाला की लहानपणी आजारी पडलो की आई हेच करायची; कैरीऐवजी खारवलेलं आंबट फळ असायचं, एवढाच फरक. मी ते ताईला सांगितलं. मला वाटलं, तिचे डोळे भरून येतील.

"मग एवढे दिवस उपाशी कशाला बसला?" ती म्हणाली. "तोंड उघडायचं ना."

त्यानंतर तो जेवायला लागला. कढी, कुळथाचं पिठलं, तळलेला बांगडा. भात मात्र तो चमच्याने जपून खायचा, कारण आमचा मोकळा भात त्याच्या जेवायच्या काड्यांवर टिकत नसे. ताईला तो ताई-सान म्हणायचा आणि काकीला काकी-सान. काकीला वाटायचं, सान म्हणजे त्यांच्याकडचं 'गो' असणार. मी तिचा समज दुरुस्त केला नाही. फारसा चुकीचाही नव्हता.

मी वाचनालयातलं ते पुस्तक पुन्हा आणलं होतं. त्यात जपानी स्वयंपाकाविषयी पुष्कळ काही होतं: ऋतूंचं भान, रिकाम्या जागेचं सौंदर्य, ताटातली शांतता. एका रविवारी मी त्याला विचारलं की तुझी आई स्वयंपाक करताना या सगळ्याचा विचार करते का. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, आई कारखान्यातून सहाला घरी येते, वीस मिनिटांत जेवण करते आणि मग टीव्हीसमोर बसते. सुशी ती सणाला करते. कच्च्या माशाची नाही. त्यांचं गाव डोंगरात आहे, तिथे ताजा मासा कुठला. खारवून आलेला बांगडा भाजून भातावर दाबून बसवते आणि वड्या पाडते.

मी पुस्तक परत केलं. मुदतही संपली होती.

कार्तिकात साहेबांनी ताईला ऑफिसात बोलावलं. या साहेबांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, पण त्याला समारंभाचं व्यसन होतं. कंपनीत नवा पंप बसला तरी शाल-श्रीफळ व्हायचं. पंपाला शाल घालता येत नाही म्हणून ती पंप पुरवणाऱ्याला घातली जायची. आता जपानी कंपनीचे अध्यक्ष स्वतः यंत्र पाहायला येणार होते. एक दिवस, एक जेवण. साहेबांनी ठरवलं होतं की जेवणात सुशी असेल. मुंबईत एका मोठ्या हॉटेलात त्यांनी ती एकदा खाल्ली होती, त्यामुळे कंपनीत त्या विषयातले ते एकमेव जाणकार होते.

त्यांनी ताईला सरळ सांगितलं. जमत असेल तर कर. जमत नसेल तर मुंबईचा केटरर येईल. तो नुसता एका दिवसासाठी येत नाही, गेस्ट हाऊसचं पूर्ण काम मागतो आहे. मग त्याची माणसं स्वयंपाकघरात येतील, आणि त्यांना राहायला मागची खोली लागेल.

ताईने मला हे फोनवर सांगितलं ते इतक्या सपाट आवाजात की मला आधी वाटलं, ती दुसऱ्या कुणाविषयी बोलते आहे. मी म्हणालो, नाहीच जमलं तर रामवाडी आहेच. मग तिने विचारलं की मी उद्या येऊ शकतो का, आणि येताना पेणहून चांगला तांदूळ आणू शकतो का.

चांगला तांदूळ म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला विचारावं लागत नाही. मी बाजारातल्या ओळखीच्या दुकानात गेलो आणि म्हटलं की फार मोठा पाहुणा येणार आहे, तुमच्याकडचा सगळ्यात उत्तम तांदूळ द्या. दुकानदाराने आतल्या खोलीतून पोतं काढलं. कोलम, दोन वर्षं मुरलेला. मुठीत घेऊन त्याने वास दिला. शिजल्यावर दाणा दाण्याला शिवणार नाही, याची त्याने हमी दिली. मी ती हमी आनंदाने घेतली. माझ्यासारखा पुस्तकं वाचलेला माणूस त्या दुकानातून दाण्याला दाणा न शिवणारा तांदूळ घेऊन सुशी करायला निघाला, आणि एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही मी तो अभिमानाने दाखवला.

शिकवणी मोबाइलवर सुरू झाली. एक जपानी बाई पडद्यावर सुशी करायची. ती काय बोलते ते आम्हा तिघांनाही कळत नव्हतं, पण हात दिसत होते. ताईला हात पुरायचे. भात शिजवायचा, त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घालायचं, पंख्याने वारा घालत हलक्या हाताने कालवायचं. व्हिनेगर आम्ही स्टेशनजवळच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणलं. ताईने ते हुंगलं आणि म्हणाली की याने फरशी चांगली निघेल. मग तिने त्यात पाणी घालून, साखर वाढवून, चार दिवसांत त्याला माणसात आणलं.

तिचा खरा झगडा फोडणीशी होता. मोहरी नाही, हिंग नाही, हळद नाही, ओलं खोबरंसुद्धा नाही. ती म्हणायची, मग आपण केलं काय? नुसता मांडलाच की स्वयंपाक. एकदा माझी पाठ वळल्यावर तिने कढीपत्त्याची दोन पानं घातली, आणि मी वळलो तेव्हा ती ओट्याजवळच्या खिडकीतून शेवग्याकडे बघत होती.

इंजिनियरच्या बॅगेत समुद्रशेवाळाचे पातळ काळे कागद होते. ते त्याने आम्हाला दिले. काकीने एक उजेडात धरून पाहिला आणि मला विचारलं की ह्यो ऑफिसातला कार्बन तर नाय ना. जेवणाच्या टेबलावर ताटाखाली घालायच्या बांबूच्या मॅट होत्या, त्यातली एक धुऊन घेतली. मॅटवर कागद, कागदावर भात, मध्ये काकडीची लांब फोड, आणि गुंडाळी. गुंडाळी करणं दोघींनाही पहिल्या फटक्यात जमलं. अळूवड्या वळणाऱ्या बायका त्या. पण सुरी लावली की सगळं ओघळायचं. काकडी एकीकडे, कागद एकीकडे, आणि भात परातभर, प्रत्येक दाणा मोकळा, दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे.

आम्ही पाणी कमी केलं, पाणी वाढवलं. व्हिनेगरवर संशय घेतला, मॅटवर घेतला, सुरीला धार लावून आणली. ताईने गुंडाळ्या दोऱ्याने बांधून पाहिल्या. इंजिनियरला विचारावं, तर यंत्र सुरू करायचे दिवस होते; तो सकाळी सहाला जायचा आणि दमून यायचा. आम्ही ताटलीत ठेवलेला तो ढीग तो चमच्याने खायचा, हात जोडायचा आणि म्हणायचा, फार छान प्रयत्न. त्याच्या देशात खोटं न बोलता चांगलं वागायची ही रीत असावी. आमचे त्यात दहा दिवस गेले.

रविवारी साहेब चव घ्यायला आले. त्यांनी हॉटेलात शिकलेल्या थाटात काड्या धरल्या आणि एक तुकडा उचलला. तो ताटली आणि तोंड यांच्या बरोबर मध्यावर सुटला. साहेबांच्या पांढऱ्या पँटवर काकडी पडली आणि मागोमाग भात पसरला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी रुमालाने पँट पुसली आणि म्हणाले की बुधवारी दुपारी एकदा पाहीन, तोवर केटररला थांबायला सांगतो. गुरुवारी अध्यक्ष येणार होते.

त्या दुपारी ताईने ट्रंक खोलीच्या मध्यभागी ओढून पुसली.

मी पेणला परतलो नाही. सोमवारी यंत्राचा कुठला तरी भाग यायचा राहिला म्हणून काम थांबलं आणि इंजिनियर दुपारीच गेस्ट हाऊसवर आला. स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल घेऊन बसला. ताई कोलमचं आणखी एक आधण ठेवत होती. काकी जमिनीवर डबा उघडून जेवत होती. डब्यात जाडा पांढरा भात, बाजूला सुकटीची चटणी. काकीने बोटांनी भाताचा घास तोडला, दाबला, चटणीत टेकवला. घास तिच्या बोटांत जसा दाबला तसाच उभा राहिला.

इंजिनियर स्टुलावरून उठून तिच्यासमोर उकिडवा बसला. डब्याकडे बोट करून म्हणाला, "काकी-सान, हा भात?"

काकीने चटकन डब्यावर पदर ओढला. "ह्यो आमच्या घरचा हाय, सायब," ती म्हणाली. "नवा. गिचका व्हतो. तुमच्यासाठी ताईनं चांगला आणलाय तो बगा."

मी त्याला समजावून सांगितलं. आमच्याकडे भात झोडपून नुकताच घरी आलेला तांदूळ चिकट होतो, पोटाला जड पडतो, म्हणून तो घरची माणसं खातात. पाहुण्याला जुना वाढायचा. जितका पाहुणा मोठा तितका तांदूळ जुना. तो ऐकत राहिला आणि मग पहिल्यांदाच त्याला हसताना मी पाहिलं, तोंडावर हात ठेवून. त्याच्याकडे बरोबर उलटं होतं. सुगीनंतर नवा तांदूळ आला की तो पाहुण्याला वाढायचा, नातेवाइकांना पाठवायचा. जुना उरेल तो घरच्यांनी संपवायचा. त्याची आई सुशी करायची ती सुगी झाल्यावरच.

हे सांगितल्यावर ताईने गॅस बंद केला. तिने मला पुन्हा एकदा त्याला विचारायला लावलं. मी विचारलं. उत्तर तेच आलं.

"मास्तर, एवढ्या मोठ्या माणसाला नवा भात वाढू मी?" ती म्हणाली. "लोक म्हणतील, हिच्याकडे वर्षाचा तांदूळपण नाही."

मी म्हणालो की लोक जपानचे आहेत. त्याने तिचं समाधान झालं नाही. अकरा वर्षं त्या स्वयंपाकघरातून नवा तांदूळ बाहेर गेला नव्हता. तिची सगळी अब्रू त्या कोठीत होती. आणि आता खोली राखायची तर नेमकी तीच अब्रू खाली ठेवायची होती. ती ओट्याला टेकून उभी राहिली. काकीने डब्यावरचा पदर काढला.

"देवाला नवाच दाखवतो ना गो बाय?" काकी म्हणाली. "मंग ह्यो सायब देवापरीस मोठा हाय काय?"

ताई काकीशेजारी खाली बसली, तिच्या डब्यातला एक घास उचलला, मुठीत दाबला आणि मूठ उघडून पाहिली. बोटांचे ठसे भातावर उमटले होते. मग तिने तो घास खाल्ला, चटणी न लावता, आणि काकीला विचारलं की घरी असा किती आहे.

मंगळवारी काकी पहिल्या एसटीने दोन पायल्या तांदूळ घेऊन आली. भाकरीचं पीठ मळायची जुनी काठवटही तिने आणली होती, कारण मोबाइलमधली बाई लाकडाच्या भांड्यात भात कालवते हे तिने पाहून ठेवलं होतं. ताई भात कालवायची आणि काकी सुपाने वारा घालायची. ओल्या हाताने उकड हाताळायची सवय ताईला होतीच. पाण्याचा हात किती लावायचा हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. गुंडाळी झाली, सुरी लागली, तुकडे ओळीने उभे राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. काकी म्हणाली, व्हय, आता ही अळूवडी झाली.

मग इंजिनियरने आईच्या बांगड्याची गोष्ट ताईला करून दाखवली. बांगडा नुसतं मीठ लावून निखाऱ्यावर भाजायचा, काटे काढायचे. चौकोनी स्टीलच्या डब्यात केळीचं पान, पानावर बांगडा, त्यावर भात, वर पुन्हा पान, आणि पाट्याचा वरवंटा वजन म्हणून ठेवायचा. तासाने डबा उलटा करून वड्या पाडायच्या. ताईने विचारलं की मसाला? तो नाही म्हणाला. थोडी हळद? नाही. ताई म्हणाली, हा पोरगा कडक आहे. पण खाल्ल्यावर तिने आणखी एक वडी घेतली. मला तेव्हा त्यांच्या स्वयंपाकातलं जे काय थोडं समजलं ते एवढंच: भात चांगला असेल तर त्याला झाकायचं नाही. यावर एक जाडजूड पुस्तक लिहिता येतं, हेही खरं.

बुधवारी साहेबांनी दोन तुकडे खाल्ले. पँटवर काही पडलं नाही. मग त्यांनी विचारलं की कच्चा मासा कुठे आहे. त्यांनी अध्यक्षांसाठी पेणजवळच्या एका तळ्यातला हातभर लांबीचा जिताडा सांगून ठेवला होता. आमच्या भागात साहेबलोकांना खूश करायचं म्हणजे जिताडा पाठवायचा, आणि हा तर साहेबांच्याही साहेबांसाठी होता. इंजिनियरने अतिशय अदबीने सांगितलं की तळ्यातला मासा आमच्याकडे कुणी कच्चा खात नाही, पोटात जंत होतात. साहेबांनी जंत या शब्दाचा थोडा वेळ विचार केला. शेवटी जिताड्याचं कालवण करायचं ठरलं आणि केटररला फोन करायचा नाही असंही ठरलं. मात्र नंतरच्या कामाविषयी ते काही बोलले नाहीत. ते अध्यक्ष गेल्यावर पाहू, म्हणाले.

गुरुवार मार्गशीर्षातला होता. ताईने पहाटे खोलीत घट मांडला, पूजा केली आणि दिवसभराचा उपास धरून स्वयंपाकाला लागली. त्यामुळे मीठ-साखर चाखायचं काम माझ्याकडे आलं. मी इतक्या वेळा चाखलं की दुपारी मला जेवण गेलं नाही.

अध्यक्ष वयस्क, बारीक, साध्या सुटातले गृहस्थ होते. फाटकावर फलक, तुतारी, शाल, श्रीफळ, पेणची गणपतीची मूर्ती हे सगळं त्यांनी मान लववत स्वीकारलं. जेवणघराच्या दाराशी त्यांनी बूट काढले. साहेब म्हणाले की तशी गरज नाही; तोवर सगळ्या जपानी मंडळींनी काढले होते, मग साहेबांनाही काढावे लागले, आणि त्यांच्या मोज्याला भोक होतं.

मी, ताई आणि काकी स्वयंपाकघराच्या दाराआड उभे होतो. अध्यक्षांनी बांगड्याची वडी काड्यांनी उचलली, पाहिली, खाल्ली. मग त्यांनी काहीतरी विचारलं. इंजिनियरने साहेबांना इंग्रजीत सांगितलं की अध्यक्ष विचारताहेत, हा तांदूळ कुठला. साहेब उभे राहिले आणि म्हणाले की या प्रसंगासाठी हा तांदूळ खास जपानहून मागवण्यात आला आहे.

मी ते हळूच मराठीत सांगितलं. काकीने क्षणभर विचार केला. "एवढ्या लांबून आला होय?" ती म्हणाली. "आणि मी एसटीत मांडीवर घेऊन बसले."

ताईने पदर तोंडात धरला. आत साहेबांचं वाक्य इंजिनियर जपानीत सांगत होता. ते साहेबांच्या वाक्यापेक्षा बरंच लांब होतं. अध्यक्ष ऐकत राहिले, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, आणि आणखी चार वड्या खाल्ल्या. बाकीच्या अधिकाऱ्यांनी जिताडा संपवला. नंतर मी इंजिनियरला विचारलं की अध्यक्ष शेवटी काय म्हणाले. मला काहीतरी मोठं अपेक्षित होतं. तो म्हणाला, "या प्रवासात पहिल्यांदाच भात काड्यांनी उचलता आला, असं म्हणाले."

ते गेले. यंत्र चालू लागलं. पौषात इंजिनियरही गेला. जाताना त्याने ताईकडे आपल्या आईसाठी खारातल्या कैरीची बरणी मागितली आणि ती कपड्यांत गुंडाळून नेली. साहेबांकडून मात्र काही आलं नाही. एक आठवडा, दुसरा, तिसरा. ट्रंक खोलीत मध्यभागी तशीच होती. ताई ती ओलांडून ये-जा करायची. केटररचा माणूस एकदा येऊन ओटा मोजून गेला असं काकीने सांगितलं. ताई म्हणायची, मोजू दे, ओटा काही वाढत नाही. पण त्या दिवसांत तिने भिंतीच्या अलीकडे पडलेल्या शेंगा उचलल्या नाहीत.

चौथ्या आठवड्यात पाकीट आलं. पत्र इंग्रजीत होतं म्हणून तिने मला बोलावलं. मी पेणहून गेलो. दुपारची वेळ होती, काकी भांडी घासायची थांबली होती. मी उभ्याउभ्याच मराठी करत वाचलं: गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकघराची व्यवस्था आणि मागील खोली पुढील आदेशापर्यंत पूर्ववत चालू ठेवण्यात येत आहे. ताईने मला थांबवलं आणि खोलीचं वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग आणखी एकदा. काकी म्हणाली, आता बसा मास्तर, उभं राहून किती वाचाल. ताई उठली, ट्रंक ढकलत भिंतीशी नेली आणि चहा ठेवला. पुढचा आदेश कधीच आला नाही. ती त्या खोलीत आणखी आठ वर्षं राहिली, शेवटपर्यंत, आणि दर दिवाळीला रामवाडीला येऊन दुसऱ्या दिवशी परत गेली.

ते पत्र आता माझ्याकडे आहे. त्यात सुशीचा, भाताचा किंवा अध्यक्षांचा उल्लेख नाही. कारण मात्र दिलेलं आहे: गेस्ट हाऊसच्या पडद्यांची स्वच्छता समाधानकारक आढळल्यामुळे. पडदे रोह्यातल्या लाँड्रीत धुतले जात.